शर्यत तीन आठवड्यांवर, आणि कोचने सराव निम्म्यावर आणला!

मुळाकाठची

नमस्कार मंडळी. रोइंगवर इथे फारसं काही सापडलं नाही म्हणून नवा धागा काढतेय. आधीच असेल तर संपादकांनी खुशाल तिकडे हलवावा.

माझी लेक पुण्यात रोइंग करते. चौघींची क्वाड बोट, प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही, कॉक्स (न वल्हवता सुकाणू धरून हाका देणारी) नाही. लेक बो सीटवर, म्हणजे बाकीच्या तिघींच्या पाठीमागे बसते. त्यामुळे मान वळवून पुढचं पाणी बघणं, पायाने सुकाणू सांभाळणं आणि ओरडणं ही तिन्ही कामं तिची. (ओरडण्याचा सराव घरीही चालू असतो.) तीन आठवड्यांनी भोपाळच्या मोठ्या तलावावर स्पर्धा आहे. अंतर नेहमीचंच, २००० मीटर.

हिवाळाभर या पोरी पहाटे काळोखात उठून, जलपर्णीतून वाट काढत सराव करतायत. आणि आता ऐन वेळी कोच म्हणतात की पुढच्या आठवड्यापासून अंतर कमी, वजनं उचलणं बंद, रविवारी पूर्ण सुट्टी. पोरगी दिवसभर चिडचिडी. पाय जड झालेत म्हणते, 'मी बिघडत चाललेय' म्हणते. तिचे बाबा म्हणतात, फी काय झोपा काढायला भरली? कोचवर मला शंका घ्यायची नाही, पण यामागचं गणित कळलं तर घरात शांतता नांदेल. शिवाय खाण्यापिण्याचं काय करायचं, आणि आईबापांनी काय करू नये, हेही कुणी सांगा.

जुना_पैलवान

ताई, स्पष्ट बोलतो. आमच्या तालमीत कुस्तीच्या आदल्या दिवसापर्यंत जोर-बैठका सुटत नव्हत्या. मेहनत कमी केली की अंग ढिलं पडतं. ही सगळी परदेशी फॅडं.

पाणबुड्या

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा रंगणार असं दिसतंय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

स्ट्रोकसीट

मुळाकाठची ताई, तुमचे कोच अगदी बरोबर करतायत. मी पुण्यातच वल्हवलं, पुढे काही वर्षं ज्युनिअर पोरांच्या बोटी सांभाळल्या. सविस्तर लिहितो.

शेवटच्या तीन आठवड्यांत कुणाचा दम वाढत नाही. दमसास कमवायला महिने लागतात, तो हिवाळ्यात कमावून झालाय. आत्ता जास्त वल्हवून मिळणारा फायदा शर्यत होऊन गेल्यावर अंगी लागेल, थकवा मात्र शर्यतीच्या दिवशी अंगात असेल. म्हणून शेवटी सराव उतरवत न्यायचा. याला टेपर म्हणतात. हे कुणाच्या मनातलं खूळ नाही. २००७ साली लॉरां बॉस्के आणि सहकाऱ्यांनी टेपरवरचे २७ अभ्यास एकत्र करून पाहिले. सगळ्यात चांगला परिणाम कुठे दिसला? साधारण दोन आठवड्यांचा टेपर, एकूण सरावाचं प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी, पण जोर तोच आणि सरावाला जाण्याचे दिवसही जवळपास तितकेच.

यातलं शेवटचं वाक्य लोक विसरतात. कमी करायचं ते अंतर. जोर कमी करायचा नाही. आठवड्याला १०० किमी वल्हवणारी बोट शेवटच्या आठवड्यात ४०-५० वर येईल, पण त्यातले जे तुकडे शर्यतीच्या वेगाने मारायचे ते पूर्ण वेगानेच. हिवाळ्यात मिनिटाला १८-२० स्ट्रोकच्या संथ रेटवर तासन् तास जातात. आता रेट ३४-३६ वर न्यायचा, स्टार्टला त्याहून वर, आणि तुकडे लहान करत जायचे. आमच्याकडे क्रम असा असे: दहा-बारा दिवस आधी १००० मीटरचे दोन पीस, मधे भरपूर विश्रांती. मग ५००चे. मग २५०चे. शेवटच्या तीन-चार दिवसांत फक्त स्टार्ट आणि दहा-दहा स्ट्रोकचे झटके, बाकी हलकं वल्हवणं. पाण्यावरून परत येताना 'अजून एक हवा होता' असं वाटलं पाहिजे.

जुने पैलवान, राग नसावा, पण तुमच्या वस्तादांनीही शेवटच्या आठवड्यात खडाखडीच्या लढती कमी केल्या असतील. आठवून बघा.

जुना_पैलवान

हां, लढती कमी व्हायच्या हे खरंय. दुखापत नको म्हणून. जोर-बैठका मात्र चालूच.

गणितज्ञ_काका

स्ट्रोकसीट, टेपरने नक्की किती फरक पडतो? आकडा सांगा.

स्ट्रोकसीट

काका, खेळांच्या अभ्यासांत साधारण दोन-तीन टक्के सुधारणा दिसते. पण बोटीच्या बाबतीत एक मेख आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या हिशोबात वाढतो, त्यामुळे लागणारी ताकद घनाच्या हिशोबात वाढते. म्हणजे पोरींची ताकद ३ टक्के वाढली तर बोटीचा वेग जेमतेम १ टक्का वाढेल. सात मिनिटांची शर्यत धरा. १ टक्का म्हणजे चार सेकंदांच्या वर. तेवढ्या वेळात क्वाड २० मीटर जाते आणि क्वाडची लांबी १३ मीटरच्या आसपास. बाबांना सांगा, झोपेचे पैसे दीड बोटीच्या अंतराने वसूल होतात.

मुळाकाठची

हे वाक्य प्रिंट काढून फ्रिजवर लावतेय!

डॉक्टरकाकू

जड पायांबद्दल लिहिते, कारण टेपरमध्ये जवळपास प्रत्येक खेळाडू ही तक्रार करतो आणि घाबरून चोरून जास्तीचा सराव करतो.

रोज अंग मोडेस्तोवर मेहनत चालू असते तेव्हा स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा कधी पूर्ण भरतच नाही. मेहनत कमी झाली की तो भरू लागतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. वजनकाटा किलोभर वर जाऊ शकतो, मांड्या फुगल्यासारख्या, जड वाटतात. ही चरबी नाही, इंधन आहे. लेक खुल्या गटात असेल तर काट्याकडे बघूच नका. लाइटवेट, म्हणजे वजनाची मर्यादा असलेल्या, गटात असेल तर मात्र गोष्ट वेगळी. महिलांना कमाल ५९ किलो आणि क्रूची सरासरी ५७, शिवाय वजन शर्यतीच्या तास-दोन तास आधीच करतात. तिथे शेवटच्या आठवड्यात उपास करून, पाणी तोडून उतरवलेलं वजन पाण्यावर नडतं. लाइटवेटचं वजन महिनाभर आधीपासून हळूहळू आणायचं असतं.

खाणं: नवीन काहीही नको. भात, पोळी, वरण, उसळ, अंडी, जे वर्षभर पचलंय तेच. सात मिनिटांच्या शर्यतीला मॅरेथॉनसारखं ताटभर पास्ता खाऊन इंधन भरायची गरज नाही. शर्यतीच्या दिवशी तीनेक तास आधी हलकं खाणं, तेही घरी दोन-तीनदा तालीम करून बघितलेलं. मावशीने दिलेला 'ताकदीचा' च्यवनप्राश, जिममधल्या मित्राने दिलेली पावडर, गावाकडचं चूर्ण, सगळं कपाटात. पोट बिघडण्याची भीती आहेच, पण त्यात नक्की काय मिसळलंय हे कुणालाच ठाऊक नसतं आणि उत्तेजक चाचणीत खेळाडूचं नाव येतं, मावशीचं नाही.

सर्दीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नको. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या काळात लघवीत ते ठराविक मर्यादेपेक्षा जास्त सापडलं तर नियमभंग ठरतो. कोचला आणि टीमच्या डॉक्टरांना आधी दाखवा.

आणि तळहात! फोड फोडू नका, सोललेलं असेल तर स्वच्छ धुऊन झाका. आपल्या नद्यांचं पाणी काय लायकीचं आहे ते तुम्ही रोज बघता. उघडी जखम आणि तसलं पाणी म्हणजे लेप्टोस्पायरोसिससकट बऱ्याच रोगांना आमंत्रण.

टेम्सकाठी

काकूंनी पाण्याचा विषय काढला म्हणून. मी लंडनला पटनीजवळ राहतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोट रेस इथूनच सुटते, मॉर्टलेकपर्यंत, ४ मैल ३७४ यार्ड, म्हणजे ६.८ किमी. पहिली १८२९ची. पुण्याच्या नदीला नाकं मुरडणाऱ्यांसाठी बातमी: २०२४ला शर्यतीच्या आधी थेम्समध्ये ई. कोलायचं प्रमाण भरमसाट असल्याचं जाहीर झालं. क्रूंना सूचना मिळाल्या की जखमा झाका, हात धुवा, पाण्यात उतरू नका. जिंकल्यावर कॉक्सला नदीत फेकण्याची जुनी प्रथा त्या वर्षी बासनात. ऑक्सफर्डच्या काही जणांची पोटं त्या आठवड्यात बिघडलीच. ते हरले. पोटामुळेच हरले असं मी म्हणणार नाही, केंब्रिजची बोट चांगली होती.

शेवटच्या दिवसांत दोन्ही क्रू आमच्या इथे मुक्कामाला येतात. हातात चहाचा कप घेऊन काठावरून बघायला मजा येते. ताकदीचे व्यायाम कधीच संपलेले असतात, आता सगळं लक्ष नदीवर. शर्यत भरतीच्या पाण्याबरोबर वर जाते, त्यामुळे पात्रात सगळ्यात जोराचा प्रवाह कुठून वाहतो ती रेघ कॉक्सला पाठ हवी. दोन्ही बोटींना तीच रेघ हवी असते, म्हणून टकरी होतात, पंच झेंडे फडकावत मागून लाँचमधून ओरडत असतो. त्यातून कुठल्या बाजूने वल्हवायचं, सरे की मिडलसेक्स, हे त्याच दिवशी नाणेफेकीने ठरतं. पहिलं आणि शेवटचं वळण मिडलसेक्सच्या फायद्याचं, मधलं हॅमरस्मिथचं लांबलचक वळण सरेच्या. म्हणजे दोन वेगवेगळ्या शर्यतींची तयारी करायची आणि त्यातली एक फुकट जाणार हे माहीत असतं. तरी करायची.

पाणबुड्या

या गोऱ्या लोकांना नाण्याची फार हौस.

नाशिकचा_भाऊ

आमच्या दत्तूचं नाव अजून कुणी काढलं नाही? दत्तू भोकनळ, तळेगाव रोही, तालुका चांदवड. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा पोरगा. सैन्यात खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आला तेव्हा पाण्याची धास्ती होती आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या स्कलमध्ये तेरावा आला.

पण या धाग्यात सांगण्यासारखी गोष्ट २०१८ची आहे. एशियाड, पालेमबांगचं पाणी. २३ ऑगस्टला त्याची एकट्याची अंतिम फेरी. अंगात ताप. सहा बोटींत सहावा आला. टीव्हीवर बघताना आम्ही हळहळलो, झालं म्हटलं. दुसऱ्या दिवशी २४ ऑगस्टला तोच गडी क्वाडमध्ये बसला. स्वर्ण सिंग, दत्तू, ओम प्रकाश, सुखमीत सिंग. ६ मिनिटं १७.१३ सेकंद, सुवर्ण. त्याच दिवशी दुष्यंतने लाइटवेट सिंगलमध्ये कांस्य मिळवलं आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. सर्दी झाली होती, पोटात जेमतेम ब्रेडचे दोन तुकडे नि एक सफरचंद होतं, असं त्याने नंतर सांगितलं.

डॉक्टरकाकू

नाशिककर, अभिमान मलाही आहे, पण ताई, यातून 'तापात वल्हवलं तरी चालतं' असा अर्थ काढू नका. ताप असताना जोराचा व्यायाम हृदयाला धोक्याचा असतो. लेकीला ताप आला तर ती पाण्यावर जाणार नाही, कोच काही म्हणोत. मला तर या गोष्टीत उलटंच दिसतं. वर्षानुवर्षं तयारी केलेले गडी, आणि ऐन वेळी आडवं काय आलं, तर ताप आणि सर्दी. शेवटच्या दोन आठवड्यांतला पहिला प्रतिस्पर्धी म्हणजे घरातलं शिंकणारं माणूस. लग्नं, हळदीकुंकू, गर्दीचे मॉल टाळा. पाण्याची बाटली चौघींच्या चार वेगळ्या. एकीला झालं की चौघींना होतं.

मुळाकाठची

बाटलीचं आजच सांगितलं. कळलं की चौघी एकाच बाटलीतून पितात, 'टीम स्पिरिट' म्हणे! कपाळाला हात लावला.

कॉक्सची_जीभ

मी कॉलेजात आठजणींच्या बोटीची कॉक्स होते. उंची कमी, आवाज मोठा, एवढंच भांडवल. कॉक्सचं किमान वजन ५५ किलो लागतं, मी त्याच्या खाली, म्हणून शर्यतीत माझ्या पायाशी वाळूची पिशवी असायची. क्वाडमध्ये ते काम तुमच्या लेकीकडे आहे, म्हणून तिच्यासाठी लिहिते.

या तीन आठवड्यांत तिचं सगळ्यात मोठं काम शरीराचं नाहीच. शर्यतीचा आराखडा चौघींच्या डोक्यात एकसारखा बसवणं हे तिचं काम. स्टार्टचे पहिले पाच स्ट्रोक कसे? आम्ही पाऊण, अर्धा, पाऊण, मग पूर्ण, पूर्ण असे घ्यायचो, कारण थांबलेली बोट पूर्ण लांबीच्या स्ट्रोकने उचलत नाही. मग वीस उंच रेटचे. मग 'लांब!' म्हणून रेट खाली आणायचा, आणि इथे शर्यती हरल्या जातात. सगळ्यांना वाटतं आपण उडतोय, कुणी खाली यायला तयार नसतं आणि १२०० मीटरला बोट मरते. या एका बदलाचा सराव शेवटच्या दोन आठवड्यांत जितक्यांदा करता येईल तितक्यांदा करावा. त्यात दमायला होत नाही आणि फळ मोठं.

हाका तीनच ठेवायच्या, लहान, आणि आता बदलायच्या नाहीत. १००० मीटरला दहा स्ट्रोकचा जोर हवा तर तिथे कुठला शब्द येणार हे चौघींना आजच माहीत हवं. शर्यतीत कानात रक्त घुमत असतं, लांब वाक्य कुणाला ऐकू जात नाही. मी एकदा भर शर्यतीत उत्साहाने नवीनच काहीतरी ओरडले होते. पाच नंबरवालीने नंतर विचारलं, 'तू मराठीत बोलत होतीस का?'

आणि तिला सांगा, पाण्याबाहेरही चौघींनी बसून, डोळे मिटून, घड्याळ लावून शर्यत पूर्ण 'वल्हवायची'. बो हाका देणार, बाकीच्या मनात स्ट्रोक मारणार. बघणाऱ्यांना येडपटपणा वाटतो. वाटू दे.

आलप्पीकर

नोकरीमुळे केरळात असतो, म्हणून इथला वेगळा मासला. नेहरू ट्रॉफी नौका शर्यत, आलप्पुळाचा पुन्नमडा तलाव. १९५२ साली नेहरू आले होते तेव्हापासूनची. शंभर-सव्वाशे फुटी चुंडन वळ्ळम, म्हणजे सर्पनौका, एकेका बोटीत शंभराच्या आसपास माणसं. महिनाभर आधी सराव शिबिरं सुरू होतात. वल्हवणारे एकत्र राहतात, दारू-सिगारेट बंद, आणि जेवणाची जबाबदारी गावाची. शंभर वल्हवणाऱ्या बाप्यांना जेवू घालणं म्हणजे महिनाभर रोज एक लग्न. बोटीला माशाचं तेल, नारळाच्या करवंटीची काजळी आणि अंडी यांचं मिश्रण चोपडतात, लाकूड टिकावं आणि पाण्यातून सुळकन जावं म्हणून.

इतक्या तयारीनंतर २०२४ला निकाल काय? कारिच्चाल ४ मिनिटं २९.७८५ सेकंद, वीयपुरम ४ मिनिटं २९.७९०. पाच सहस्रांश सेकंद! नंतर दोन दिवस चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता.

जलतज्ज्ञ

माहिती छान, पण धाग्याशी संबंध काय? ते लोक पुढे तोंड करून लहान वल्ह्यांनी मारतात, सरकती सीट नाही, रिगर (वल्हं टेकवायचा बोटीबाहेरचा सांगाडा) नाही. पूर्ण वेगळा खेळ.

आलप्पीकर

खेळ वेगळा, मान्य. पण शंभर माणसांचं वल्हं एका क्षणी पाण्यात पडायला हवं, तर चौघींना शिकण्यासारखं काही नाही? आमच्याकडे बोटीवर उभे राहून गाणारे आणि लाकडी फळीवर ठोके देणारे असतात. शेवटच्या आठवड्यांत ठोक्याची लय वाढवत नेतात. कॉक्सची_जीभ म्हणतायत तेच.

जलतज्ज्ञ

लय म्हणाल तर मान्य. बाकी मुद्द्यावर ठाम.

पाणबुड्या

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

मुळाकाठची

मंडळी, आठवडा झाला. जड पाय गेले! काल ५०० मीटरचे पीस मारून आली आणि स्वतःहून म्हणाली, बोट 'पळतेय'. बाबाही गप्प आहेत.

पण नवीन भानगड. थ्री सीटवरच्या मुलीच्या घरच्यांनी कोचना भेटून सांगितलं की आमच्या मुलीला स्ट्रोक सीट (लय ठरवणारीची जागा) द्या, तिचा अर्गोवरचा, म्हणजे वल्हवायच्या मशीनवरचा, वेळ सगळ्यात चांगला आहे. कोच 'बघू' म्हणाले. आता बोटीत दोन तट. लेक रडून झोपली.

स्ट्रोकसीट

दहा-बारा दिवस उरलेत ना? मग जागा बदलायच्या नाहीत. जागा ठरवायची वेळ महिना-दीड महिना आधीची. तेव्हा सीट रेसिंग करतात, दोन बोटी शेजारी पळवायच्या, दोघींची अदलाबदल करायची, पुन्हा पळवायच्या, आणि फरक घड्याळावर वाचायचा.

अर्गो ताकद सांगतो, पण त्यावर बोट डुलत नाही. स्ट्रोकला बसणारीकडे न डगमगणारी लय हवी, कारण मागच्या तिघी तिच्या पाठीकडे बघून मारतात. क्वाडमध्ये मधल्या दोन जागा हे इंजिन. सगळ्यात ताकदवान पोरगी तिथे बसवणं हा तिचा अपमान नाही, तीच तिची योग्य जागा. हे तिच्या घरच्यांना कोचने सांगावं, तुम्ही मधे पडू नका. मगाशी विचारलंत ना, आईबापांनी काय करू नये. हेच.

टेम्सकाठी

सीटवरून भांडणाचा सगळ्यात गाजलेला किस्सा आमच्या नदीवरचा. १९८७. ऑक्सफर्ड आदल्या वर्षी हरलेलं. संघात नावाजलेले अमेरिकन वल्हेकरी आले. कोच डॅन टोपोल्स्की आणि अध्यक्ष डोनाल्ड मॅकडोनाल्ड यांच्याशी त्यांचं सरावाच्या पद्धतीवरून बिनसलं, आणि अमेरिकन ख्रिस क्लार्कऐवजी मॅकडोनाल्ड बोटीत बसणार यावरून भडका उडाला. शर्यत काही आठवड्यांवर असताना अमेरिकन बाहेर पडले. वर्तमानपत्रांना महिनाभर मेजवानी. टोपोल्स्कीने राखीव क्रूमधली मुलं घेतली. २८ मार्चला वादळी हवा, खवळलेलं पाणी, आणि कुणी विचारत नव्हतं तो ऑक्सफर्डचा क्रू चार लांबींनी जिंकला.

माझ्या मते त्यात नशिबाचा वाटा मोठा होता. सपाट पाण्यावर निकाल असाच लागला असता याची पैज मी लावणार नाही. पण माझं मत विचाराल तर, बोट एकदा ठरली की पुन्हा तिला हात लावू नये.

जुना_पैलवान

पोरींनाच बसवा एकत्र, मोठे नकोत. वडापाव मागवा. मिटेल.

डॉक्टरकाकू

वडापाव स्पर्धेनंतर!

मुळाकाठची

कोचनी काल चौघींना गच्चीवर बसवलं, तासभर. काय बोलणं झालं कळलं नाही, लेक सांगत नाही. जागा त्याच राहिल्या. आज थ्री सीटवाली आमच्याकडे जेवायला होती, पाच पोळ्या खाल्ल्या. मिटलं असावं.

आता निघायची तयारी. बोट बरोबर नेणार नाहीत, तिथलीच वापरणार. फक्त वल्ही नेणार.

स्ट्रोकसीट

परकी बोट! मग लेकीच्या बॅगेत कपड्यांच्या आधी हे जाऊ द्या: स्टीलचा टेप, १० आणि १३ नंबरचे पाने, इन्सुलेशन टेप, वॉशर आणि एक वही. वहीत आत्ताच्या बोटीची मापं आजच लिहून घ्यायची. दोन्ही गेटमधलं (वल्हं अडकवायच्या खोबणींमधलं) अंतर, म्हणजे स्पॅन, क्वाडला १५८-१६० सेंटिमीटरच्या आसपास असेल. गेटची सीटपासून उंची, डावं-उजवं वेगळं. फूटस्ट्रेचर, म्हणजे पाय टेकवायची फळी, कुठल्या खाचेत. वल्ह्याचं इनबोर्ड, म्हणजे आतल्या बाजूची लांबी. प्रत्येक सीटचं स्वतंत्र. तिथे पोचल्यावर पहिलं काम बोट हीच मापं दाखवेपर्यंत पाना चालवणं, मगच पाण्यावर जाणं. गेट सेंटिमीटरभर खाली असेल तर लाटेतून वल्हं सुटणार नाही आणि क्रॅब लागेल, हातातलं वल्हं पाण्यात अडकून पोटात बसेल.

स्टार्टचंही विचारून ठेवा. एकदा चुकीचा स्टार्ट झाला की पिवळं कार्ड, त्याच शर्यतीत दुसरं मिळालं की बाहेर. पंचांच्या 'अटेन्शन' आणि दिव्याच्या मधला थांबा कधी छोटा, कधी जीवघेणा लांब. कोचना म्हणा, सरावात तो मुद्दाम कमी-जास्त करा.

गणितज्ञ_काका

मोठा तलाव उघडा आहे, दुपारी वारं सुटतं. समोरून वारं असेल तर काय करणार? मापं तीच म्हणता आणि पाणी तर वेगळं.

स्ट्रोकसीट

काका, बरोबर पकडलंत. समोरच्या वाऱ्यात सात मिनिटांची शर्यत साडेसातवर जाते, प्रत्येक स्ट्रोक जड पडतो. तेव्हा रिगरला हात लावायचा नाही, वेळही नसतो. वल्ह्याच्या कॉलरवर (गेटला टेकणाऱ्या कड्यावर) क्लॅम नावाची प्लास्टिकची चकती बसवतात. आतली बाजू तेवढी लांब होते, वल्हं हलकं पडतं. काढ-घाल हाताने, अर्ध्या मिनिटात. पण याचा अंदाज पुण्यात एखाद्या वाऱ्याच्या दिवशी घ्यायला हवा, नाहीतर हात कॅचच्या वेळी, म्हणजे वल्हं पाण्यात टाकताना, गडबडतात. अजून दोन-तीन सत्रं उरली असतील, त्यात एकदा लावून बघा.

मुळाकाठची

चार क्लॅम मागवते लगेच.

स्ट्रोकसीट

आठ, ताई. प्रत्येकीची दोन वल्ही. आणि एक-दोन जास्तीचे घ्या, पाण्यात पडले की सापडत नाहीत.